भागवतमामा, हंगामी ड्रेसर

भागवतमामा पेशंटच्या पाया पडतात, असं मला पहिले तीन दिवस वाटत होतं. स्ट्रेचर दारातून आत आलं की आम्ही सगळे डोक्याकडे धावायचो आणि मामा सावकाश पायांकडे जाऊन दोन्ही तळवे आपल्या हातांत धरायचे. क्षणभर तसेच थांबायचे, मग हात पायजम्याला पुसून कामाला लागायचे. एका म्हाताऱ्या पाटलांनी तर पाय झटकन ओढून घेतले होते. "आरं, आसं नको करू बाबा, पाप लागंल मला." मामा म्हणाले, "पाप न्हाई लागत, काका. पाय गरम हायेत तुमचे. बसा निवांत, तुमचा नंबर मागून." पाटील रागावून बसले आणि त्यांचा नंबर खरंच मागून आला.

मी तेव्हा नुकतीच एमबीबीएस झालेली, आणि जगाला चार गोष्टी शिकवायला निघालेली. चौथ्या दिवशी मी मामांना बाजूला घेऊन सांगितलं, की दवाखान्यात असं कुणापुढे वाकायची गरज नाही, आपण सगळे सारखेच आहोत. मामांनी ते भाषण पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, बीपीचं मशीन हुडकूस्तोवर पाय सांगत्यात. पाय गार अन् मानूस बरळायला लागला, तर पळा. पाय गरम अन् नुसता बोंबलायलाय, तर त्याला बोंबलू द्या, दुसऱ्याकडं बघा." हे मी पुस्तकात दोन पानं वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण पेशंटच्या पायाला हात लावायचं मला एकदाही सुचलं नव्हतं.

मी त्या दवाखान्यात हौसेने गेले नव्हते. मला इमर्जन्सी मेडिसिन करायचं होतं. हा विषय तेव्हा आमच्याकडे कुणाला नीट ठाऊकच नव्हता. माझे वडील बीडमध्ये शाळामास्तर. त्यांची समजूत अशी, की मुलगी अपघात विभागात बसणार म्हणजे तिला दुसरं काही मिळालेलं दिसत नाही. प्रत्यक्षात जागा अगदी मोजक्या होत्या आणि त्या काळी मोठे दवाखाने स्वतः मुलाखत घेऊन मुलं निवडायचे. कुठे काम केलंस, काय पाहिलंस, कुणाचं पत्र आणलंस, हे सगळं तिथे विचारलं जायचं. म्हणून इंटर्नशिपचे दोन महिने आपलं कॉलेज सोडून एखाद्या मोठ्या शहरातल्या इमर्जन्सी विभागात काढायचे, तिथल्या प्रमुखांच्या डोळ्यांत भरायचं आणि शिफारसपत्र घेऊन परतायचं, अशी हुशार मुलांची रीत होती. मी पुण्याला अर्ज केला होता. यादी लागली, त्यात माझं नाव नव्हतं. ऑफिसातल्या क्लार्कने उरलेल्या जागांचा कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर एकच जागा उरली होती. वडवणीच्या पलीकडे एका सहकारी साखर कारखान्याचा दवाखाना होता, तिथे ग्रामीण पोस्टिंग. एसटीत बसल्यावर मी खिडकीकडे तोंड करून रडले, आणि शेजारच्या बाईंनी मी सासरी निघाले आहे असं समजून मला शेंगा दिल्या.

पोचले त्या दिवशी कारखान्यात मोळी टाकण्याचा, म्हणजे गाळप सुरू करण्याचा कार्यक्रम होता. ऊस आत ओढणाऱ्या गव्हाणीत पहिली मोळी पडली, चेअरमनसाहेबांनी नारळ फोडला, भोंगा वाजला. टाळ्या मात्र बेताच्याच पडल्या. दोन वर्षं पाऊस नव्हता. कपिलधारचा धबधबा त्या वर्षी पडलाच नव्हता, आणि जो काही ऊस उभा होता तो वैरणीच्या लायकीचा होता. हंगाम दोन महिने तरी चालेल का, याचीच चर्चा मांडवात चालू होती. त्या गर्दीत पांढऱ्या सदऱ्यातला एक काटकुळा माणूस माझी बॅग उचलायला पुढे आला. "तुमी नव्या डाक्टरीनबाई ना? मी भागवत. समदे मामा म्हंत्यात. च्या पेनार का आदी पेशंट बघनार?" मी म्हणाले, आधी खोली बघते. ते थोडे हिरमुसले असावेत.

दवाखान्यात मामांचं पद ड्रेसरचं. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, प्लास्टर भिजवायचं. पण कागदावर ते होते 'हंगामी कामगार'. गाळप सुरू झालं की कामावर, गाळप संपलं की घरी. दवाखाना बारा महिने उघडा, पेशंट बारा महिने येणारे, आणि बावीस वर्षं मामा मात्र हंगामी. दरवर्षी कायम करण्याच्या यादीत त्यांचं नाव जायचं आणि दरवर्षी कुणीतरी संचालकांचा भाचा मध्येच उगवायचा. मामांचं घर धर्मापुरीजवळच्या एका वस्तीवर. आईवडील ऊसतोड करायचे, मामा स्वतः लग्नानंतर पाच हंगाम कोयता घेऊन गेलेले. एका हंगामात त्यांच्या हाताला कोयता लागला, तो शिवून घ्यायला ते या दवाखान्यात आले आणि इथेच राहिले. "हात शिवायला आलतो, ते टाके घालायलाच लागलो," असं ते सांगायचे. कोयता पुन्हा धरायचा नाही, एवढी एकच गोष्ट त्यांनी आयुष्याकडे मागितलेली होती. कायम झालो तर कोयत्याची भीती कायमची गेली, असं ते हसत म्हणायचे, पण ते हसणं वरवरचं असायचं.

माझ्याकडे एक वही होती. त्यात मी देशभरातल्या इमर्जन्सीच्या जागांची नावं उतरवली होती, पुढे तिथे किती पेशंट येतात, कोणती यंत्रं आहेत, शिकवणारे कोण, असे रकाने आखले होते. दुपारी पेशंट थांबले की मी ती वही उघडून बसायची. मामांना त्या वहीचं फार कुतूहल. स्थळं बघायला बसल्यासारखे ते पलीकडच्या स्टुलावर येऊन बसायचे.

"ह्ये पुन्याचं कसं हाय?"

"एकदम भारी, मामा. चाळीस खाटांची नुसती इमर्जन्सी. प्रत्येक खाटेला मॉनिटर."

"अन् रातच्याला अडलं तर इचारायला मोठा डाक्टर आसतो का तिथं? का त्यो घरी?"

मी म्हणाले, असतो. मामांना ते पटलं. "जिथं इचारायची लाज वाटनार न्हाई, तिथं शिका बाई. मशीन काय, आज हितं न्हाई, उद्या येईल."

वहीच्या शेवटच्या पानावर मराठवाड्यातल्याच एका सरकारी कॉलेजचं नाव होतं. तिथे हा विभाग नव्यानेच निघणार होता. दोन शिक्षक, थोड्या खाटा, बाकी सगळं 'प्रस्तावित'. मी ते यादी पूर्ण दिसावी म्हणून लिहिलं होतं. मामांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. "ह्ये तर आपल्याच हितलं हाय की. आमच्या वस्तीवरून जीपनं तासाभराच्या आत." मी म्हणाले, तिथे अजून काहीच नाही. "तुमी गेलात तर हुईल की," ते म्हणाले. मी वही मिटली.

मामांची शिकवण अशीच, कुठल्याही क्रमाने यायची. जखम शिवायच्या आधी ती कशी झाली ते विचारायचं, कारण "कोयत्याची जखम साफ आसती, बैलाच्या शिंगाची आत वळती." बाईमाणूस आली की नवऱ्याला पाणी आणायला पिटाळायचं, मग विचारायचं. फवारणीचं औषध पोटात गेलेलं असेल तर घरचे खोटं बोलणार, तेव्हा त्यांना न विचारता कपड्यांचा वास घ्यायचा. आणि काहीच कळत नसेल, तर खुर्ची ओढून पेशंटजवळ बसायचं. "उभ्या मानसाला दिसत न्हाई, बाई. बसा. जरा येळ नुसतं बघा." मी बसायची नाही. मला बसून बघण्याएवढा वेळ नसायचा, कारण मला हुशार दिसायचं होतं.

गाळप सुरू होऊन आठवडा झाला असेल. सकाळी आठच्या सुमाराला तोडणीच्या टोळीतल्या सुमन नावाच्या बाईला घेऊन तिचा नवरा आला. वय पंचविशीच्या आत. पहाटेपासून पोटात दुखतंय, दोनदा उलटी झाली, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय. मोठे डॉक्टर, म्हणजे आमचे वैद्यकीय अधीक्षक, कामासाठी बीडला गेले होते. मी पोट दाबून पाहिलं, मऊ होतं. उपाशीपोटी चहा, तिखट भाकर, पित्त. केसपेपरवर ठळक अक्षरांत तसं लिहिलं, पित्ताचं इंजेक्शन सांगितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मामा इंजेक्शन भरता भरता थांबले. सिरिंज ट्रेमध्ये ठेवून खुर्ची ओढून सुमनसमोर बसले. मला रागच आला, बाहेर रांग होती.

"बाई," ते म्हणाले, "ही हनुवटी वर करून काहून बघायली?"

"पोटात दुखतंय तिच्या, मामा."

"पोट दुखनारा वाकतो, बाई. मान वर करत न्हाई." मग तिला म्हणाले, "माझ्याकडं बघ गं लेकरा. डोळं मोठं कर." तिने डोळे मोठे करायचा प्रयत्न केला. पापण्या अर्ध्यावर येऊन थांबल्या. पापण्या वर जात नव्हत्या म्हणून ती हनुवटी वर करून त्यांच्या खालून बघत होती. "काल कुठं निजलीवतीस?" मामांनी विचारलं. नवरा म्हणाला, पाचटाच्या कोपीत, भुईवरच, दुसरीकडे कुठं निजणार? चावल्याचं तिला काही आठवत नव्हतं, अंगावर खूण नव्हती, सूज नव्हती. मामा माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "मन्यार हाय. ती चावलेली कळत न्हाई."

मण्यारीचं विष, उतरलेल्या पापण्या, पोटदुखी, मग श्वास बंद. हे सगळं मला पाठ होतं. रोज सकाळी उठून मी वाचायची ती हीच यादी होती. सुमनच्या डोळ्यांसमोर मी पाच मिनिटं उभी होते आणि मला तिचं फक्त पोट दिसलं होतं.

पुढचं सगळं भराभर झालं. कपाटात होत्या नव्हत्या तेवढ्या विषावरच्या औषधाच्या बाटल्या सलाइनमधून लावल्या. तासाभरात तिचा आवाज गेला, मग छातीची हालचाल उथळ झाली. कारखान्याच्या जीपमध्ये तिला आडवी घातली आणि तोंडावर मास्क दाबून अँब्यू बॅगने श्वास देत आम्ही बीडकडे निघालो. रस्ता कसला तो, नुसते खड्डे. मी मास्क धरलेला, मामा बॅग दाबत होते. माझे हात भरून आले की आम्ही अदलाबदल करायचो. "घे लेकरा... सोड," असं मामा प्रत्येक श्वासाला म्हणत होते. तिला ऐकू येतंय, फक्त हलता येत नाही, हे मीच त्यांना सांगितलं होतं. म्हणून ते संपूर्ण रस्ताभर तिच्याशी बोलत होते. नवऱ्याचं नाव काय, गाव कुठलं, घाबरू नको, आलं बीड. जिल्ह्याच्या दवाखान्यात व्हेंटिलेटर मिळाला. चौथ्या दिवशी सुमनने डोळे उघडले, पूर्ण उघडले.

सुमनला पोचवून मी बीडहून परतले त्या संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर तो केसपेपर होता. पित्ताचं निदान खोडून खाली मीच घाईने 'मण्यारदंश?' असं लिहिलेलं होतं. ते म्हणाले, "चावल्याची खूण नाही, इतिहास नाही. मी असतो तर मीही पित्तच म्हणालो असतो. तुला कसं काय कळलं?"

मी म्हणाले, "पापण्या उतरल्या होत्या, सर."

वाक्य खरं होतं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता, म्हणून तर ते इतक्या सहज तोंडातून निघालं. मी थांबले असते आणि पुढे 'मामांनी दाखवल्या' एवढं म्हणाले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. मी थांबले, पण काही म्हणाले नाही. मोठे डॉक्टर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "तुझ्या इमर्जन्सीच्या मुलाखतीसाठी पत्र मी देतो. असं पत्र मी आजवर कुणाला दिलेलं नाही." पुण्यातले त्या विभागाचे प्रमुख त्यांचे वर्गमित्र होते, हे मला त्या दिवशी समजलं.

मामांना मी काही सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे स्टुलावर येऊन बसले आणि म्हणाले, "काडा वही. आता पुन्याचं जमल वाटतं." मला वाटलं, ते भोळे आहेत.

ऊस संपला आणि हंगाम दोन महिन्यांत आटोपला. संचालकांच्या सभेत सांगता समारंभाची तारीख ठरली. त्याच सभेत कारखान्याने आणखी एक गोष्ट ठरवली होती. पाण्याअभावी पुढच्या वर्षी गाळप होईल याची खात्री नव्हती, तेव्हा दवाखान्याचे हंगामी लोक कायमचे कमी करायचे; त्यातल्या एकाला मात्र, ज्याच्या उल्लेखनीय कामाची शिफारस अधीक्षक करतील त्याला, कायम करायचं. मोठ्या डॉक्टरांनी आदल्या दिवशी मला पुन्हा बोलावलं. "त्या सर्पदंशाच्या केसमध्ये आपल्या स्टाफपैकी कुणाचं काही विशेष काम होतं का? म्हणजे मला तसं लिहिता येईल." समोर कोरा कागद होता, त्यांच्या हातात पेन होतं. माझं पत्र टेबलाच्या दुसऱ्या कोपऱ्यात सही होऊन पडलेलं होतं.

मी म्हणाले, "सगळ्यांनीच मदत केली, सर."

या वाक्याची मला आजही किळस येते. त्यांनी मान हलवली आणि पेनचं टोपण लावलं. मामांना काढलं जाईल हे मला ठाऊक होतं. नाव घेतलं तर ते पत्र पुन्हा लिहिलं जाईल की काय, एवढीच मला भीती होती. कदाचित नसतंही लिहिलं गेलं. मोठे डॉक्टर सरळ माणूस होते, त्यांनी उलट माझं कौतुकच केलं असतं. पण मी ते आजमावून पाहिलं नाही.

सांगतेला माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, हार. चेअरमनसाहेब म्हणाले, आपल्या बीडच्या लेकीनं ऊसतोड कामगार भगिनीचे प्राण वाचवले. सतरंज्या मामांनी घातल्या होत्या आणि मी व्यासपीठावरून उतरले तेव्हा ते मांडवाच्या खांबाला टेकून जोरजोरात टाळ्या वाजवत होते. कमी केलेल्यांची यादी त्यानंतर दुसऱ्या दिवशी दारावर लागली. मामांनी यादी वाचली, सदरा काढून घडी घातली, माझ्या खोलीशी येऊन म्हणाले, "येतो बाई. चांगलं शिका." मी विचारलं, आता काय करणार? "कोयता हाय की घरी. गंजला आसंल, घासून घेतो."

पुण्याच्या मुलाखतीत त्यांनी विचारलं, तुमच्या हातून झालेलं एखादं निदान सांगा. मी सुमनची गोष्ट सांगितली. या वेळी खऱ्या वाक्याच्या आडही लपले नाही. पोट दुखणारा माणूस वाकतो, तो मान वर करत नाही, हे मामांचं वाक्य मी माझं म्हणून सांगितलं. टेबलापलीकडचे तिघं माझ्याकडे कौतुकाने बघत होते. पुण्याचा होकार आला. हाताशी असावा म्हणून मराठवाड्यातल्या त्या सरकारी कॉलेजलाही मी अर्ज टाकला होता, त्याच आठवड्यात त्यांचाही होकार आला. मी एक दिवसही विचार न करता पुणं घेतलं.

त्यानंतरची बारा-तेरा वर्षं सांगण्यासारखी काही नाहीत. शिकले, नोकरी लागली, फ्लॅट झाला. मग मीच मुलाखती घेऊ लागले. एका वर्षी लातूरकडची एक मुलगी आली. तिला मी तोच प्रश्न विचारला, तुमच्या हातून झालेलं एखादं निदान सांगा. ती म्हणाली, "मॅडम, केस चांगली आहे, पण ते मी ओळखलं नव्हतं. आमच्या वॉर्डातल्या सिस्टरनी ओळखलं होतं. मी चुकले होते. चालेल का?" माझे सहकारी हसले, म्हणाले, चालेल की. मला त्या मुलीच्या तोंडाकडे बघवेना. तिची निवड आम्ही केली. आणि पुढच्याच रविवारी मी गाडी काढून धर्मापुरीची वाट धरली.

मामा वस्तीवरच होते. चार शेळ्या, पत्र्याचं घर. कोयत्यावर आठ हंगाम गेले होते, मग कंबर गेली. मला ओळखायला त्यांना जराही वेळ लागला नाही. मामींना हाक मारून म्हणाले, "अगं, बाई आल्यात. च्या टाक." मी चहाची वाट न बघता सगळं सांगून टाकलं. केबिनमधलं वाक्य, सांगतेच्या आदल्या दिवसाचं वाक्य, मुलाखत. सांगताना रडू आलं नाही याचीसुद्धा लाज वाटली. मामा शेळीच्या पाठीवरचे काटे काढत ऐकत होते.

"मला ठावं हुतं ते," ते म्हणाले. "मोट्या डाक्टरनी मलाबी इचारलं हुतं, सांगतेच्या आदल्या सांजंला. भागवत, खरं सांग, कुनी वळखलं? मी म्हनलं, बाईनीच."

मी विचारलं, "का मामा? कायम झाला असता तुम्ही."

"झालो आस्तो. मी एकला." त्यांनी आणखी एक काटा उपटला. "बाई, मला कायम करून पट्ट्याच बांधनार हुतो मी. तुमी शिकून हितं आला आस्तात, आपल्या त्या कालिजात, तर आख्ख्या तालुक्याला डाक्टर झाला आस्ता. म्हनून म्हनलं." हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. ठरवून पेरलेलं उशिरा उगवतं आहे, एवढंच जणू ते सांगत होते. मग शेळीला सोडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मंग? कवा येयलात?"

मी 'नाही' म्हणू शकले असते. तेवढं तरी त्यांच्याशी खरं बोलले असते. पण त्यांच्या समोर बसून, तोंडात त्यांच्या घरचा चहा असताना मी म्हणाले, "येते मामा. लवकरच. बोलणं चालू आहे तिथे." बोलणं कुणाशीच चालू नव्हतं. मामांनी वळून आत आवाज दिला, "आयकलं का गं? बाई येयल्यात आपल्या कालिजात!" मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांनी माझ्या कपाळावर कुंकू लावलं.

त्यानंतर मी त्या कॉलेजला खरोखर अर्ज करायचा म्हणून फॉर्म मागवला. तो टेबलाच्या खणात राहिला. मुलीची शाळा, नवऱ्याची नोकरी, कारणं हवी तेवढी मिळाली. दोन उन्हाळे गेले.

मामा गेल्याचं मामींनी फोनवर कळवलं. छातीत कळ आली होती. जवळच तालुक्याचा दवाखाना होता, आधी तिथे नेलं, पण मामांनी हट्ट धरला की मला कॉलेजात न्या, बाई आता तिथं असतील. तिथल्या डॉक्टर मुलांनी चांगलं बघितलं, मामी म्हणाल्या, काही कमी केलं नाही. दोन दिवस शुद्धीवर होते. कुणी बाई डॉक्टर दारातून आत आली की मान उचलून बघायचे.

मी विचारलं, "काही म्हणाले का, मामी?"

"न्हाई वं बाई. तुमाला काई बोलले न्हाईत ते. मीच म्हनलं, कुठं दिसंनात तुमच्या बाई. तर म्हनले, रजेवर आसत्याल."

मी रजेवर नव्हते. पुण्यात होते, ड्यूटीवर.